पेपर पाठवल्यानंतर जर्नलच्या आत काय चालतं

वणी, मेहकर, तुमसर, अहेरी अशा ठिकाणांहून पहिल्यांदा जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पेपर पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता पीएच.डी. करणारे, कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून परतलेले, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना काहीतरी वेगळं लक्षात आलेले डॉक्टर. या सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो: "सर, दोन महिने झाले, 'अंडर रिव्ह्यू'च दाखवून राहिलं. पैसे भरले तर लवकर होते का?"

नाही होत. आणि जिथं होतं, तिथं बहुतेक वेळा रिव्ह्यू झालेलाच नसतो.

पीअर रिव्ह्यूमध्ये संपादक तुमचा लेख त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन जणांना वाचायला देतो. ते बहुतेक वेळा बिनपैशानं वाचतात, आपापली नोकरी सांभाळून, रात्री नाहीतर रविवारी. निष्कर्ष पुराव्यावर टिकतो का, पद्धत नीट आहे का, काय दुरुस्त करायला हवं, हे ते लिहून देतात. ते सल्ला देतात, निर्णय संपादकाचा असतो. ही रीत वाटते तेवढी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ पासून निघतं, पण 'नेचर'नं बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सरसकट लागू केली ती १९७३ मध्ये.

काही जर्नलांत रिव्ह्यूअरला तुमचं नाव कळतं, तुम्हाला त्याचं कळत नाही. काहींत दोघांनाही एकमेकांचं नाव कळत नाही, त्याला डबल ब्लाइंड म्हणतात. थोड्या जर्नलांत सगळं उघड असतं, शेरेसुद्धा लेखासोबत छापतात. तुमच्या जर्नलची पद्धत कोणती ते पाठवण्याआधी बघा, कारण फाइल कशी तयार करायची ते त्यावर ठरतं.

पहिली पायरी: कुठं पाठवायचं

सगळ्यात जास्त डोकं इथं लावा. आपल्याकडं पेपर लिहायला वर्ष लागतं आणि जर्नल निवडलं जातं व्हॉट्सॲपवर आलेल्या एका मेसेजवरून. 'तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स, आयएसएसएन आहे, हाय इम्पॅक्ट फॅक्टर, सर्टिफिकेट मोफत.' यातला आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. तिच्या यादीत नसलेलं जर्नल जो आकडा मिरवतं, तो कुणीतरी स्वतःच ठरवलेला असतो. राहिले तीन दिवस. तेवढ्यात दोन तज्ज्ञ शोधायचे, त्यांनी वाचायचं, शेरे लिहायचे, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, संपादकानं पुन्हा बघायचं. तुम्हीच हिशेब करा.

२०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं 'सायन्स' या जर्नलसाठी एक प्रयोग केला. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक औषधसंशोधनाचा लेख खोट्या नावांनी ३०४ मुक्तप्रवेश (ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. या सगळ्या जर्नलांच्या संकेतस्थळांवर आपल्याकडं पीअर रिव्ह्यू होतो असंच लिहिलेलं असणार.

आता एक नवी अडचण. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या जागी जर्नल कसं पारखायचं याचे निकष आले आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आली. म्हणून कुणी "केअरमध्ये आहे" म्हणत जुना स्क्रीनशॉट दाखवला तर त्याला आज काही किंमत नाही. दुसरं म्हणजे, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आणण्याची सक्ती काढून टाकली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, पण ती अध्यादेशात स्वतः वाचा. कँटीनमध्ये ऐकलेल्या अटींपायी पुष्कळ जणांनी पुष्कळ पैसे घालवलेत.

पारखायचं कसं? तुमच्या स्वतःच्या लेखाची संदर्भसूची काढा. ज्या जर्नलांची नावं तिथं पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांचे अलीकडचे दोन-तीन अंक उघडून तुमच्या विषयाचे लेख वाचा. संपादक मंडळातली नावं त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर खरंच आहेत का बघा. जर्नल स्कोपसमध्ये (निवडक जर्नलांची नोंद ठेवणाऱ्या माहितीकोशात) आहे की नाही हे स्कोपसच्याच यादीत तपासा, जर्नलच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण चांगल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट्स निघालेल्या आहेत. मुक्तप्रवेश जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेत शोधा. फी मागितली म्हणजे फसवणूकच असं नाही, चांगली मुक्तप्रवेश जर्नलंही फी घेतात. पण ती आधीपासून साइटवर लिहिलेली असते आणि बहुतेक वेळा लेख स्वीकारल्यावरच भरायची असते. सवलत हवी असेल तर पाठवण्याआधी विचारा. अनेक विद्वत्सभांची आणि सरकारी संस्थांची जर्नलं लेखकाकडून काहीच घेत नाहीत, हे आपल्याकडं फार कमी जणांना ठाऊक असतं.

"आपला पत्ता पाहूनच फेकून देतात" हेही ऐकू येतं. पत्त्याचा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. पण गडचिरोलीहून राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर लिहिलेला लेख 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलनं १९८९ मध्ये छापला, आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ मध्ये. दोघं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आले होते हे खरंच. पण छापलं गेलं ते गडचिरोलीतल्या गावांचं काम. १९९९ च्या लेखात प्रयोगाची ३९ गावं होती आणि तुलनेसाठी ४७. "तुलना कशाशी?" हा रिव्ह्यूअरचा लाडका प्रश्न त्यांनी गावं निवडतानाच सोडवला होता.

दुसरी पायरी: पाठवण्याआधीची जमवाजमव

जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' पूर्ण वाचा. शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, आकृत्यांचा दर्जा, सगळं तिथं असतं. डबल ब्लाइंड असेल तर नावं, कॉलेज आणि आभार वेगळ्या पानावर काढा. नंतर मजकुरात 'आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत' अशी खूण राहिली का बघा, आणि वर्डच्या फाइलच्या माहितीत तुमचं नाव राहतं तेही पुसा.

माणसांवरचं संशोधन असेल, अगदी प्रश्नावली भरून घेतली असेल, तरी नैतिकता समितीची मंजुरी बहुतेक जर्नलं मागतात, आणि ती माहिती गोळा करण्याआधीची लागते. नंतर आणलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. तालुक्याच्या कॉलेजात अशी समिती नसतेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दुसऱ्या संस्थेच्या समितीकडं रीतसर करार करून जाता येतं. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते.

साम्यतपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याची सॉफ्टवेअरनं तपासणी) करून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण जर्नलचा संपादक नुसता टक्का पाहत नाही. आठ टक्के साम्य एकाच लेखातून सलग उचललेलं असेल तर तो तिथंच थांबतो.

लेखकांची नावं आधीच ठरवा, क्रमासकट. प्राचार्यांचं नाव आदरापोटी टाकायचं नसतं. ज्यानं काम केलं, लिहिण्यात भाग घेतला आणि जो लेखाची जबाबदारी घेतो, तो लेखक. बाकीच्यांचे आभार माना. हे बोलायला जड जातं, मला माहीत आहे.

काही जर्नलं तुम्हालाच रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगतात. गाईड, सहलेखक, नातेवाईक यांची देऊ नका. संस्थेचा ईमेल असलेल्यांचीच द्या. बनावट ईमेल देऊन स्वतःच्याच लेखाचा रिव्ह्यू लिहिण्याचे प्रकार झालेले आहेत. अशा भानगडीपायी 'ट्यूमर बायॉलॉजी' या एकाच जर्नलचे १०७ लेख २०१७ मध्ये मागे घेतले गेले. म्हणून संपादक आता जीमेलचे पत्ते संशयानं बघतात.

सोबतचं पत्र एका पानाचं: काय शोधलं, ते नवीन का आहे, या जर्नलच्या वाचकांना त्याचा काय उपयोग, आणि लेख दुसरीकडं पाठवलेला नाही. 'आदरणीय महोदय, आपल्या जगद्विख्यात जर्नलमध्ये' वगैरे नको.

तिसरी पायरी: संपादकाचं टेबल

इथं लेख रिव्ह्यूअरपर्यंत न जाताच परत येऊ शकतो. त्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. काही दिवसांत येतो, फार तर दोन-तीन आठवड्यांत. कारणं बहुधा साधी असतात: विषय जर्नलचा नाही, नवीन काही दिसत नाही, इंग्रजी कळत नाही, सूचना पाळलेल्या नाहीत. मनाला लावून घेऊ नका. चांगल्या जर्नलांत येणारे बरेचसे लेख इथूनच परत जातात, आणि लवकर परत आला तर तुमचाच वेळ वाचला.

चौथी पायरी: वाट बघणं

संपादकानं ठेवून घेतला तर तो रिव्ह्यूअर शोधायला लागतो. खरा वेळ इथं जातो. पाच जणांना विचारलं तर दोघं उत्तर देत नाहीत, दोघं नाही म्हणतात, एक हो म्हणतो आणि विसरतो. 'विथ एडिटर' म्हणजे लेख संपादकाकडं आहे. 'अंडर रिव्ह्यू' म्हणजे साधारणपणे निदान एकानं तरी हो म्हटलंय. 'रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड' म्हणजे शेरे आलेत, संपादकानं अजून बघितलेले नाहीत. रोज लॉगइन करून यातलं काही बदलत नाही.

तीन महिने उलटले की दोन ओळींचा नम्र मेल पाठवायला हरकत नाही. लेखाचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, सद्यस्थिती कळवावी ही विनंती. बस. याच काळात तोच लेख दुसऱ्या जर्नलला पाठवू नका. ही चूक उघडी पडते, कारण विषय लहान असतो आणि दोन्ही जर्नलं त्याच रिव्ह्यूअरला विचारतात.

पाचवी पायरी: रिव्ह्यूअर काय वाचतो

समजा तुमचा पेपर कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर आहे. राळेगाव तालुक्यातल्या वीस वावरांत कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले, पतंग मोजले, आणि निष्कर्ष काढला की फरदडीमुळं, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कापूस उभा ठेवल्यामुळं, बोंडअळी वाढते. निष्कर्ष बरोबर असेलही, शेतकऱ्यांना तो अनुभवानं ठाऊकच आहे. पण रिव्ह्यूअर कदाचित ब्राझीलमध्ये किंवा हिसारमध्ये बसलाय. त्यानं राळेगाव पाहिलेलं नाही.

तुम्ही लिहिलं, 'मृगात पेरणी केली.' त्याला तारीख हवी. तुम्ही एकरात लिहिलं, त्याला हेक्टर हवं. तुम्ही 'कापसाचं उत्पादन' लिहिलं. ते सरकीसकट की रुईचं (सरकी काढलेल्या कापसाचं)? या दोन आकड्यांत जवळपास तिपटीचा फरक पडतो आणि आपण बोलताना तो कधी सांगत नाही. सापळे हेक्टरी किती लावले? किती उंचीवर? ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) किती दिवसांनी बदलले? पतंग रोज मोजले की आठवड्यातून एकदा? वाण कोणता, बीटी कोणतं? फवारण्या कुणी, कधी, कशाच्या केल्या? पद्धतीचा भाग आपण बहुतेक वेळा गावातल्या माणसाला पत्ता सांगावा तसा लिहितो, 'चिंचेपासून डावीकडं', आणि परका माणूस फाट्यावरच उभा राहतो.

मग तो खोलात जातो. 'नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडली' असं म्हटलंय. कोणती पातळी? सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ पतंग, की हिरव्या बोंडांपैकी दहा टक्के किडकी? आणि किडकी बोंडं फोडून पाहिली होती का, की नुसते पतंग मोजले? वीस वावरं म्हणता, पण त्यातली सात एकाच शेतकऱ्याची आहेत. तेच बियाणं, त्याच फवारण्या, तोच माणूस. आकडेशास्त्रात त्यांना सात वेगळे नमुने धरता येत नाही. फरदडीची वावरं ओलिताची असणार, म्हणजे विहिरीजवळची. ती जिनिंगच्याही (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) जवळ आहेत का? जिनिंगमधल्या सरकीतून आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगांतून पतंग निघतात. मग बोंडअळी फरदडीमुळं वाढली की जिनिंग जवळ होतं म्हणून?

असा प्रश्न आला की आपल्याला वाटतं, "काऊन बाप्पा, याले काय माहीत आमच्याकडचं?" खरं तर यानं तुमचं वाचलंय. अंतर मोजलेलं असेल तर विश्लेषणात घाला. नसेल तर गुगलच्या नकाशावर अजूनही मोजता येतं. तेही जमत नसेल तर 'मुळं' हा शब्द काढा आणि 'फरदडीच्या वावरांत जास्त आढळली' एवढंच म्हणा, आणि ही मर्यादा चर्चेत लिहून टाका. बहुतेक लेख आकड्यांपेक्षा अशा एका शब्दावर अडतात.

हेही लक्षात असू द्या की रिव्ह्यूअर तुमच्या वहीतला कच्चा आकडा सहसा तपासत नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून खोटंही कधीकधी छापलं जातं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित (एमएमआर) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा लेख 'लॅन्सेट'नं १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. वह्या, सापळ्यांच्या नोंदी, फोटो जपून ठेवा, कधीही मागितले जातील.

सहावी पायरी: निकालाचं पत्र आणि तुमचं उत्तर

पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकार जवळजवळ कुणाचाच होत नाही. मायनर रिव्हिजन (किरकोळ दुरुस्त्या) म्हणजे काम झालंय. मेजर रिव्हिजन (मोठ्या दुरुस्त्या) वाचून पोरं खचतात, पण ती चांगली बातमी आहे: संपादकाला लेख हवाय. नकाराच्या पत्रात 'नव्यानं पाठवल्यास विचार करू' असं असेल तर तोही दरवाजा उघडा आहे.

पत्र आलं की त्या दिवशी उत्तर लिहू नका. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा लेख 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकानं रिव्ह्यूअरकडं पाठवला. न विचारता तज्ज्ञाला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइननं चिडून लेख परत घेतला. पुढं तो दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा अशा लहरी नसतातच हा मूळ निष्कर्ष बदललेला होता. रिव्ह्यूअरनं दाखवलेली अडचण खरी होती.

दोन-तीन दिवसांनी एक नवी फाइल उघडा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर, त्याखाली बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला ते. एकही शेरा गाळू नका, स्पेलिंगचासुद्धा. असं काहीसं:

शेरा: पतंग मोजण्याची वारंवारता स्पष्ट नाही.
उत्तर: आभारी आहोत. सापळे दर तीन दिवसांनी सकाळी तपासले आणि ल्यूर २१ दिवसांनी बदलले. ही माहिती पद्धतीच्या भागात घातली आहे (पान ५, ओळ ११२ ते ११५).

शेरा: पुढच्या हंगामाची माहितीही द्यावी.
उत्तर: सूचना योग्य आहे. मात्र हा अभ्यास एका हंगामापुरता आखलेला होता आणि पुढच्या हंगामाची माहिती उपलब्ध नाही. ही मर्यादा चर्चेत नोंदवली आहे आणि शीर्षकात 'एका हंगामातील' हे शब्द जोडले आहेत (पान १ आणि पान १४).

दुसऱ्या उत्तराकडं नीट बघा. 'नाही' म्हटलंय, पण कारण दिलंय आणि दाव्याचा आकार लहान केलाय. रिव्ह्यूअरचं म्हणणं चूक असेल तर तसं पुराव्यासह सांगता येतं. मान्य करणं म्हणजे शहाणपण, असं काही नाही. फक्त भाषा थंड ठेवा. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट सांगत असतील तर एकाची बाजू घ्या, कारण लिहा, आणि संपादकाला पत्रात तसं कळवा. एखादा स्वतःचेच पाच-सहा लेख संदर्भात घाला म्हणत असेल तर जे खरंच लागू आहेत तेवढे घाला आणि बाकीच्यांबद्दल संपादकाला खाजगीत लिहा. 'इंग्रजी सुधारा' हा शेरा जवळपास प्रत्येकाला येतो. महागड्या एडिटिंग सेवेआधी इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या, आणि लांब वाक्यं तोडा.

मुदत पुरत नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा. बहुतेक वेळा मिळते. हंगाम, परीक्षा, निवडणुकीचं काम, कारण खरं असलं की पुरे.

नकार आला तर, आणि स्वीकार झाला तर

नकारावर अपील करायचं ते फक्त रिव्ह्यूअरनं वस्तुस्थितीतच चूक केली असेल तर. नाहीतर शेऱ्यांतलं पटेल ते दुरुस्त करून दुसरीकडं पाठवा. न बदलता पाठवू नका, नव्या जर्नलचा लेख जुन्याच रिव्ह्यूअरकडं गेल्याची उदाहरणं आहेत, आणि तो ओळखतो.

स्वीकार झाला की प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) येतं, बऱ्याचदा ४८ तासांची मुदत घालून. नावांचं स्पेलिंग, गावांची नावं, तक्त्यातले आकडे, आभारांत निधी देणाऱ्याचं नाव, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा. या टप्प्यावर नवीन परिच्छेद घालता येत नाही. फीचं बिल आलं तर ते जर्नलच्या अधिकृत खात्यातूनच आलंय ना, हे लॉगइन करून तपासा. मेलमधल्या लिंकवरून पैसे भरू नका.

एक-दोन पेपर छापून आले की तुम्हालाच रिव्ह्यूसाठी बोलावणं येईल. विषय तुमचा असेल आणि वेळ असेल तर घ्या. लेखक ओळखीचे असतील तर संपादकाला आधी सांगा. लेख गोपनीय असतो, तो विद्यार्थ्यांना वाटायचा नाही, आणि सारांश काढून घ्यायला चॅटजीपीटीसारख्या साधनांत चढवायचाही नाही. जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणा आणि जमलं तर दुसरी दोन नावं सुचवा.